आत्याबाईंची डुकरं आणि सायाचं नागरिकत्व

ऑकलंडच्या मांगेरे भागातल्या तोंगन चर्चमध्ये सायाला सगळे वकीलसाहेब म्हणायचे. वास्तविक तो पुकेकोहेला कांद्याच्या शेडमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा, आणि कोर्टाची पायरी जन्मात एकदाच चढला होता, तीही चुकीच्या जागी गाडी लावल्याबद्दल. पण न्यूझीलंडचं नागरिकत्व मिळवायचं कसं, या विषयावर अख्ख्या दक्षिण ऑकलंडात त्याच्याइतकं ठासून बोलणारा माणूस नव्हता. रविवारची प्रार्थना आटोपून मंडळी चहाच्या टेबलाशी जमली, की साया हातात केकचा तुकडा घेऊन उभा राहायचा आणि एखादा नवखा गाठायचा.

"कायमचा रहिवासी झालो म्हणजे सगळं झालं, असं समजू नकोस," तो सांगायचा. "रहिवासी म्हणजे राहून घेतलेला पाहुणा. नागरिक म्हणजे घरचा. मधे पाच वर्षं आहेत, आणि त्यातल्या प्रत्येक वर्षी निदान आठ महिने तुझे पाय या जमिनीवर पाहिजेत. पाचांची मिळून बेरीज वेगळी बघतात, ती आणखी थोडी जास्त लागते. पण एका वर्षात चार महिन्यांच्या वर बाहेर राहिलास, की ते वर्ष नासलं. मग ते मोजणीतून मागे पडेपर्यंत बस हात चोळत."

"आणि तिकडे आई आजारी पडली तर?" नवखा विचारायचा.

"आईला सांगायचं, चार महिन्यांत काय ते बरी हो."

त्याचा शेजारी इओआने हा सामोआचा, आणि कित्येक वर्षांपूर्वीच नागरिक झालेला. तो म्हणायचा, "साया, तुझा स्वतःचा पत्ता नाही अजून, आणि तू दुसऱ्यांना रस्ता दाखवतोस." यावर साया नुसता हसायचा. त्याची चार वर्षं चोख झाली होती, पाचवं चालू होतं, आणि जानेवारी उजाडला की अर्ज टाकायचा हे त्याचं पक्कं होतं.

आता नागरिकत्वाची त्याला एवढी घाई का, हे सांगितलं पाहिजे. मतदानासाठी नाही, कारण मत रहिवाशालाही देता येतं. घाई होती ती सेइनीसाठी. सेइनी त्याची एकुलती एक मुलगी, लग्न करून सिडनीला गेलेली. न्यूझीलंडचा पासपोर्ट असला की माणूस सिडनीला भाजी आणायला गेल्यासारखा जातो. साया मूळचा तोंगा बेटांवरचा, आणि तिथल्या पासपोर्टावर आधी व्हिसा मागावा लागतो. सायाने दोनदा मागितला आणि दोनदा नकार आला. हा माणूस परत जाईलच अशी खात्री वाटत नाही, असं कळवण्यात आलं. साया त्या वाक्याने फार दुखावला. पुकेकोहेत नोकरी, मांगेरेत घर आणि चर्चमध्ये वकिली असलेला माणूस परत येणार नाही म्हणजे काय?

त्या नकारापायी सेइनीचं लग्न त्याला फोनवर बघावं लागलं. लेकीचा हात धरून चर्चमध्ये चालायचं ते सासरकडच्या कुठल्यातरी काकाने केलं, आणि ऐन वेळी फोन धरणाऱ्या पोराने फोन उलटा केल्यामुळे सायाला चर्चचं छत तेवढं दिसलं. त्या दिवशी तो बागेत जाऊन रडला. मे महिन्यात सेइनीला मुलगी झाली तेव्हा ती फोनवर म्हणाली, "बाबा, हिच्या पहिल्या वाढदिवसाला तुम्ही पाहिजेच. तुम्ही नसलात तर मी केकच कापणार नाही." तोंगन लोकांत पहिला वाढदिवस म्हणजे लग्नाच्या वरताण. साया म्हणाला, "वर्ष आहे हातात. पासपोर्ट खिशात घालून येतो." आणि त्याने तसं अख्ख्या चर्चला सांगूनही टाकलं.

एवढ्यात आत्याबाईंचा निरोप आला.

लाविनिया आत्या म्हणजे सायाच्या वडिलांची थोरली बहीण. तोंगात माणसाला राजाला नाही म्हणता येईल, पाद्र्याला म्हणता येईल, बायकोला तर रोजच म्हणता येतं. बापाच्या बहिणीला येत नाही. ती मागेल ते द्यायचं, सांगेल तिथे बसायचं, आणि तिच्या घरातून निघायचं तर ते आपण बोलायचं नाही. निरोप एवढाच होता: तुझ्या बापाच्या थडग्यावर कोंबड्या बसतात.

"कठडा खचला असेल," साया लेसिएलीला म्हणाला. लेसिएली त्याची बायको. "कांद्याचा हंगाम संपलाच आहे. जातो, सिमेंटचा कठडा घालतो, पांढरी वाळू पसरतो आणि येतो. तीन आठवडे."

"तुझ्या आत्याच्या घरी तीन आठवडे?" लेसिएली म्हणाली. "साया, मी तुला ओळखते आणि आत्यालाही ओळखते. तू पुढल्या वर्षी येशील."

"माझ्याकडे चार महिने आहेत, बाई. मी कायदा शिकवतो लोकांना."

इओआने कुंपणावरून म्हणाला, "जाऊच नको. पैसे पाठव, तिकडे कोणीही घालेल कठडा." पण बापाच्या थडग्याचा कठडा दुसऱ्याने घालायचा म्हणजे बापाला दुसऱ्याचा मुलगा करण्यासारखं झालं. साया जूनच्या सुरुवातीला विमानात बसला.

गावात पोचल्यावर पहिल्या आठवड्यात सगळं त्याच्या मनासारखं झालं. आत्याबाई अंगणात चटईवर बसल्या होत्या, आल्याआल्या त्यांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाल्या, "वाळलास." मग त्यांनी त्याला अळूचे कंद आणि नारळाच्या दुधातली मासळी वाढली आणि तो पुन्हा फुगेपर्यंत वाढत राहिल्या. थडग्याचं काम सोपं होतं. साया रोज सकाळी फावडं घेऊन जायचा आणि तिसऱ्या आठवड्यात कठडा पुरा झाला. वाळू तेवढी राहिली होती.

त्या शनिवारी आत्याबाईंनी डुक्कर मारलं. आख्खं, मध्यम वयाचं, काठीला लावून निखाऱ्यावर फिरवलेलं. पाद्रीबुवा आले, शेजारीपाजारी आले. पाद्रीबुवांनी लांबलचक प्रार्थना केली, त्यात पाण्यावरून जाणाऱ्यांना सांभाळ असंही म्हटलं. सायाला वाटलं, गावातले लोक मासेमारीला जातात, त्यांच्यासाठी असेल. कठडा पुरा झाल्याचा हा मान आहे, हे त्याने केव्हाच ताडलं होतं. त्याचा ऊर भरून आला. एवढं डुक्कर आपल्यासाठी मारल्यावर दुसऱ्या दिवशी बॅग उचलून चालू लागणं ही माणसाची रीत नव्हे, असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "आत्या, आजोबांच्या थडग्याचाही कठडा खचलाय. तो करतो."

आत्याबाई थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. "कर," त्या म्हणाल्या.

आजोबांचा कठडा झाला आणि मग आजोबांच्या शेजारचं थडगं फारच बापुडवाणं दिसायला लागलं. ते मोसेसे नावाच्या गृहस्थाचं, ज्याच्याशी आजोबांचं जन्मभर पटलं नव्हतं. मोसेसेच्या नातवाने येऊन नुसतं उभं राहून बघितलं. तोंगात मागत नाहीत, उभे राहतात. सायाने मोसेसेलाही कठडा घातला. मग गावात बातमी पसरली, की ऑकलंडहून सिमेंटवाला आलाय, आणि रोज सकाळी कब्रस्तानात कोणी ना कोणी उभा राहून आपल्या मेलेल्या माणसाकडे दुःखाने बघायला लागला. मधे सिमेंट संपलं, आणि सिमेंटचं जहाज आलं ते सिमेंट सोडून सगळं घेऊन आलं. मग ते आलं तर पाऊस आला. पाद्रीबुवांनी सुचवलं, की एवढे कठडे झालेच आहेत तर कब्रस्तानाला फाटकही हवं, नाहीतर कोंबड्या काय, डुकरंसुद्धा आत येतात. वाळूचं तर विचारूच नका. पूर्वेच्या किनाऱ्यावरची वाळू आत्याबाईंना पिवळी वाटली, पश्चिमेची खरखरीत, आणि शेवटी जी पसंत पडली ती आणायला होडी लागली.

जुलै संपला. साया अजिबात घाबरला नव्हता. चार महिने म्हणजे भरपूर झाले, असं तो स्वतःला सांगायचा, फक्त आता निघायची वाट मोकळी करायला हवी. पण आत्याकडे "मी जातो" असं बोलायचं कसं? तसं बोलणं म्हणजे तुमच्या घरात मला करमत नाही म्हणण्यासारखं. अशा गोष्टी आडून सुचवायच्या असतात. मग एका संध्याकाळी तो सहज बोलल्यासारखं बोलला, "ऑकलंडला आता कडक थंडी पडली असेल, आत्या."

तिथल्या माणसांची मला काळजी वाटते, हे त्याला सुचवायचं होतं.

"पडली असेल," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्याकडे मायेने बघितलं. "तुझ्या छातीला सोसत नाही, नाही का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्या अंथरुणावर आणखी एक चटई घातली. दोन दिवसांनी त्यांनीच विचारलं, "लेसिएलीला एकटीला करमत नसेल रे."

सायाला हा साधा आपुलकीचा प्रश्न वाटला. आत्याला उगीच घोर नको म्हणून तो म्हणाला, "छे, मजेत आहे ती. तिची बहीण आलीय राहायला." आत्याबाईंनी मान हलवली आणि एक सुस्कारा सोडला. त्या शनिवारी त्यांनी दुसरं डुक्कर मारलं. पाद्रीबुवांनी पुन्हा पाण्यावरून जाणाऱ्यांसाठी प्रार्थना केली. साया मनात म्हणाला, यंदा मासेमारी जोरात दिसते. आणि दुसऱ्या डुकराचा मान राखायचा म्हणून त्याने कब्रस्तानाचं फाटक अंगावर घेतलं.

फाटकाचं काम निम्म्यावर आलं असताना गावच्या सरदाराची आजी वारली. मग हातोडीचा आवाज बंद, करवतीचा बंद, आणि गावातल्या बाप्या माणसांनी सरदाराच्या अंगणात जाऊन चुली फुंकायच्या. साया बराच काळ अळूचे कंद सोलत बसला होता. ऑकलंडचे वकीलसाहेब गुडघ्यापर्यंत सालांत बसलेले होते आणि पलीकडून कोणीतरी त्यांना साल जाड निघते म्हणून बोलत होतं. त्या अपमानाबद्दल त्याने कोणाला सांगितलं नाही.

सप्टेंबर संपत आला तेव्हा लेसिएलीचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"फाटकाचा एक खांब राहिलाय."

"साया, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तुझे चार महिने भरतात. तूच शिकवतोस ना लोकांना? इओआने रोज विचारतो, वकीलसाहेब मुदतीत येणार का. मी त्याला काय सांगू?"

"सांग, येणार."

"आत्याला स्पष्ट सांग."

"आत्याला असं सांगतात का कोणी?"

"मग सेइनीला सांग. तिने केकची चव ठरवलीय. तिला सांग, बाबांना आत्याची भीड वाटली म्हणून ते येणार नाहीत." आणि तिने फोन ठेवला.

हे मात्र सायाला लागलं. त्याला ते चर्चचं छत आठवलं. तरीही दुसऱ्या दिवशी तो आत्यासमोर बसला तेव्हा त्याच्या तोंडून निघालं ते असं, "वरून विमानं फार जातात हल्ली." आत्याबाई वर बघून म्हणाल्या, "जातात खरी." त्या शनिवारी तिसरं डुक्कर पडलं. त्याच्या पुढल्या बुधवारी, म्हणजे जेवणाचा वार नसताना, चौथं. चौथं लहान होतं. प्रार्थनेत पाद्रीबुवांनी पाण्यावरून जाणाऱ्यांचा उल्लेख दोनदा केला आणि दोन्ही वेळा एक डोळा उघडून सायाकडे बघितलं.

जेवण झाल्यावर साया हात धुवायला मागच्या अंगणात गेला. डुकरांचा वाडा रिकामा होता. कोपऱ्यात एक म्हातारी डुकरीण तेवढी उभी होती, आणि आत्याबाई कुंपणाला हात लावून तिच्याकडे बघत होत्या. त्यांचे डोळे भरले होते. सायाने आत्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं, बाप गेला तेव्हासुद्धा नाही. त्याच्याने राहवलं नाही. भीड गेली, रीत गेली, आणि तो सरळ बोलून मोकळा झाला.

"आत्या, मला जायला हवं. या शनिवारी नाही गेलो तर माझं वर्ष वाया जाईल, नागरिकत्व जाईल आणि नातीच्या वाढदिवसाला मी फोनमधून छत बघत बसेन. मला माफ करा. तुम्ही एवढी डुकरं मारलीत माझ्या मानासाठी आणि मी..."

"मानासाठी?" आत्याबाई म्हणाल्या.

त्या वळल्या आणि त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अरे पोरा, पाहुणा निघाला की डुक्कर मारतात. तुझ्या बापाने तुला हेसुद्धा शिकवलं नाही? पहिलं मारलं तेव्हा मी तुझी बॅग स्वतः दाराशी आणून ठेवली होती. तू ती परत आत नेलीस."

"मला वाटलं, कोणीतरी झाडताना बाहेर काढून ठेवली."

"दुसरं मारलं, तर तू फाटक घेतलंस अंगावर. मी म्हटलं, पोराला तिकडे थंडी सोसत नाही, बायकोशी पटत नाही, जायचं नाव काढत नाही. बापाच्या गावात राहायचं असेल त्याचं. भावाच्या मुलाला जा म्हणून मी कसं सांगू? मी मारतच राहिले." त्यांनी डुकरिणीकडे बोट दाखवलं. "आता ही राहिली. ही पिल्लं देणारी आहे. तू आणखी एक आठवडा राहिला असतास तर मी घर मोडून बसले असते."

चार महिने तो आत्याच्या मनासाठी राहिला होता आणि आत्या त्याच्या मनासाठी डुकरं मारत होती. मग आत्याबाईंचं पोट हलायला लागलं, आणि त्या कुंपणाला धरून इतक्या हसल्या की डुकरीण दचकून पलीकडे गेली. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले. "शनिवारचं तिकीट आहे का?" त्यांनी विचारलं.

तिकीट नव्हतं. शनिवारचं विमान एका चर्चच्या गायनमंडळाने भरून टाकलं होतं. रविवारी तोंगात विमान उडत नाही; रविवारी तोंगात बाजारात कांदासुद्धा हलत नाही. आणि सोमवार म्हणजे चार महिन्यांच्या पलीकडे. एकानेही जागा सोडली तर तुमचा नंबर लावू, असं कळवण्यात आलं होतं.

शनिवारी सकाळी साया फुआआमोतूच्या विमानतळावर उभा होता, कमरेला तोंगन रीतीची मानाची चटई गुंडाळलेली, हातात बॅग, आणि चेहऱ्यावर सगळं आपल्या हातात असल्याचा भाव. तो भाव त्याने चार महिने टिकवला होता, शेवटच्या तासाला कसा सोडणार? शेजारी आत्याबाई होत्या. त्या जन्मात विमानतळावर आल्या नव्हत्या, पण मालकिणीसारख्या रांगेकडे बघत होत्या. रांगेत सगळे गाणारे होते, एक जाडजूड तरुण सोडून.

"तो मानासे ना?" आत्याबाईंनी विचारलं. "माझ्या सगळ्यात धाकट्या भावाचा नातू?"

तोच होता. आत्याबाई काठी टेकत त्याच्यापाशी गेल्या.

"मानासे, कुठे निघालास?"

मानासेचा चेहरा पडला. तोंगन माणसांत ज्याच्या आज्याची बहीण विमानतळावर येऊन असा प्रश्न विचारते, त्याला पुढचं कळतं. "ऑकलंडला, आजी. जुनी गाडी घ्यायचीय, बघायला."

"गाडी पळून जाणार आहे का?"

"नाही, आजी."

"मग मंगळवारी जा."

मानासे रांगेतून बाहेर आला. त्याने काउंटरवर जाऊन आपण आज जात नसल्याचं सांगितलं, मग आत्याबाईंच्या गालाला नाक लावून नमस्कार केला, आणि जाताना सायाला एवढंच म्हणाला, "काका, गाडी निळी टोयोटा आहे. बघून फोन करा." सायाने शब्द दिला आणि तो पाळलाही. गाडी अगदी भंगार निघाली, म्हणजे मानासेचं भलंच झालं.

त्या दिवशी ऑकलंडला साया उतरला तेव्हा मुदत संपायला फार वेळ उरला नव्हता. लेसिएली, इओआने आणि चर्चचे आठदहा लोक बाहेर उभे होते. इओआनेने पैज लावली होती, तो हरला. पुढच्या रविवारी साया केकचा तुकडा घेऊन टेबलाशी उभा राहिला आणि म्हणाला, "बघितलंत? चार महिने म्हणजे चार महिने. हिशेब डोक्यात पक्का पाहिजे." लेसिएली दोन माणसं सोडून उभी होती. तिने पुढे येऊन त्याच्या हातातला केक काढून घेतला.

जानेवारीत अर्ज गेला, एप्रिलमध्ये समारंभ झाला. नगरपालिकेच्या सभागृहात सायाने सूट घालून शपथ घेतली आणि त्याला एक रोपटं भेट मिळालं. ते त्याने इओआनेच्या कुंपणाला लागून, मुद्दाम इओआनेच्या खिडकीसमोर लावलं. मे महिन्यात काळा पासपोर्ट खिशात घालून तो सिडनीला उतरला. त्याने उत्तरं पाठ केली होती: का आलात, किती दिवस राहणार, परत कशावरून जाल. पण तिथे एका यंत्राने त्याचं तोंड बघितलं आणि दार उघडलं. साया दार ओलांडून पलीकडे उभा राहिला. मग मागे वळून एका अधिकाऱ्याला त्याने विचारलं, "मला कोणी काही विचारणार नाही का?" अधिकारी म्हणाला, "नाही. तुम्ही जाऊ शकता." सायाला थोडं वाईटच वाटलं.

सेइनीच्या घरी पोचल्यावर मुलीने त्याच्या गळ्यात हात टाकले, जावई सामिऊने बॅग घेतली. साया नातीला बघायला आत गेला. खोलीच्या मधोमध, सगळ्यात चांगल्या खुर्चीवर, नात मांडीवर घेऊन आत्याबाई बसल्या होत्या.

"आलास?" त्या म्हणाल्या. "वाळलास."

साया दाराला धरून उभा राहिला. "आत्या, तुम्ही कशा आलात?"

"विमानाने. व्हिसा मागितला, मिळाला."

"पहिल्यांदा?"

"दुसऱ्यांदा कशाला मागायचा? त्यांनी विचारलं, परत कशावरून जाल. मी म्हटलं, घरी डुकरीण आहे, तिला पिल्लं झालीत. त्यांना पटलं."

पाच वर्षं सायाने एकेक दिवस जपून ठेवला होता, आणि आत्याबाई एका डुकरिणीच्या जोरावर त्याच्या आधी दोन महिने येऊन बसल्या होत्या. त्या क्षणी त्याला त्या डुकरिणीबद्दल जे वाटलं ते पाद्रीबुवांपुढे बोलता येणार नाही. पण नात आत्याच्या मांडीवरून त्याच्याकडे बघून हसली, त्याने तिला उचललं, आणि तिने त्याचं नाक धरलं. मग बराच वेळ तो कोणावरच रागावला नाही.

वाढदिवस दणक्यात झाला. केक सेइनीने कापला आणि बापाचा हात आपल्या हातावर ठेवून कापला. साया तेव्हा सर्वांसमोर रडला आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

पाहुणे गेले. साया राहिला, आत्याबाई राहिल्या. साया कामाचा माणूस. त्याने सेइनीची मोटार ठेवायची खोली आवरली, मग शेजाऱ्याची. सामिऊला रोज सकाळी चहाबरोबर ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व कसं मिळवावं हे समजावून सांगितलं, जरी सामिऊ तिथेच जन्मलेला होता. कुंपणाला पाया भरायचा बेत त्याने आखला. तिसऱ्या आठवड्यात सेइनी स्वयंपाकघरात त्याच्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आत्याआजी तीन महिने इथे आहे. माझा तिच्यावर जीव आहे, पण आता सामिऊची आई येणार, खोली पाहिजे. आत्याआजीला जा असं कसं सांगायचं?"

साया हसला. या विषयात त्याच्याइतका तयार माणूस जगात नव्हता. "असं बोलायचं नसतं, बाळा," तो म्हणाला. "डुक्कर मारायचं. ती समजते. फार शहाणी आहे ती."

"नक्की समजतात माणसं?"

"ज्याला आपली रीत माहीत आहे, त्याला सांगावं लागत नाही."

सेइनीने विचारात पडल्यासारखी मान हलवली.

शनिवारी दुपारी साया अंगणात आला. निखारे विझत आले होते, टेबलावर केळीची पानं पसरली होती. आत्याबाई आधीच आपल्या खुर्चीवर बसल्या होत्या, आणि त्यांची बॅग त्यांच्या पायांशी होती. खरोखर शहाणी बाई, साया मनात म्हणाला. तो त्यांच्या शेजारी बसला आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "समजलं ना, आत्या?"

"मला केव्हाच समजलं," आत्याबाई म्हणाल्या. "तू टेबलाकडे बघितलंस का?"

सायाने बघितलं. टेबलावर दोन डुकरं होती.

सेइनी चुलीपाशी पाठ करून उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते. सामिऊ फार लक्ष देऊन पाण्याचे पेले मांडत होता. सायाचा चेहरा क्षणभर पार उतरला. तोंड उघडून तो म्हणणार होता, की कुंपणाचा पाया राहिलाय. मग त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. पासपोर्ट तिथेच होता. घरातही तो खिशात घेऊन फिरायचा. त्याला हळूहळू जाणवलं, की गेल्या वर्षी पहिल्याच डुकराला त्याने बॅग उचलायला हवी होती आणि उचलली नव्हती, आणि आज ती उचलताना वाईट वाटायचं काही कारणच नाही.

आत्याबाईंनी त्याच्या पानात मोठा तुकडा टाकला. "परत कधी येणार?" त्यांनी विचारलं.

साया उत्तर द्यायच्या आधी सवयीने महिने मोजायला लागला, आणि मधेच थांबला.

"मनात येईल तेव्हा," तो म्हणाला, आणि त्याने दुसऱ्या डुकराचाही तुकडा मागून घेतला.